मोबाईलवरची चित्रफीत आणि महिन्याचा पगार



गेल्या पावसाळ्यात माझी थोरली बहीण बँकेच्या काउंटरवर येऊन उभी राहिली. हातात मुदत ठेवीची पावती होती, एक लाख वीस हजारांची. दाजींच्या पश्चात जे काही हाती आले, त्यातून तिने ती केलेली. म्हणाली, "भाऊ, एवढी पावती मोडून दे. पोराला कॅमेरा घ्यायचाय."

पोरगा म्हणजे माझा भाचा. बी.ए. झालेला, दोन वर्षे स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरून थकलेला. यूट्यूबवर चित्रफिती टाकल्या की महिन्याच्या महिन्याला पगारासारखा पैसा येतो, हे त्याने आईला पटवून दिले होते. मुदतीपूर्वी ठेव मोडण्याचा अर्ज पुढे सरकवणे हे माझे रोजचे काम. ठेवीदाराला 'कशाला मोडता?' असे विचारायचा मला अधिकार नाही. पण भावाला आहे. मी तिला म्हणालो, "ताई, आठ दिवस थांब. मी जरा माहिती काढतो."

त्या आठ दिवसांत आणि पुढील वर्षभरात या धंद्याविषयी जे वाचले, विचारले आणि डोळ्यांनी पाहिले, ते प्रस्तुत लेखात मांडत आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज हाच प्रश्न आहे. मुलगा म्हणतो, यात पैसा आहे. आईबाप म्हणतात, हे खूळ आहे. दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे, म्हणूनच हिशेब मांडणे गरजेचे आहे.

पैसा येतो कोठून?

यूट्यूब २००५ साली अमेरिकेत सुरू झाले. २००६ मध्ये गूगल कंपनीने ते विकत घेतले आणि २००७ पासून चित्रफीत टाकणाऱ्यांना जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा देण्याची पद्धत सुरू झाली. आपल्याकडे खेडोपाडी हे पोहोचले ते २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यानंतर. त्याआधी इंटरनेटचा रिचार्ज म्हणजे चैन होती, पुढे तो मिठामिरचीसारखा घराघरांत आला.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी, ती ही की नुसती चित्रफीत टाकल्याबद्दल कोणीही पैसे देत नाही. चित्रफितीच्या आधी किंवा मध्ये जी जाहिरात दिसते, तिचे पैसे जाहिरातदार यूट्यूबला देतो आणि त्यातला हिस्सा आपल्याला मिळतो. मोठ्या चित्रफितीवरील जाहिरातीच्या उत्पन्नातून ५५ टक्के आपले, ४५ टक्के यूट्यूबचे. 'शॉर्ट्स' म्हणतात त्या लहान उभ्या चित्रफितींचा हिशेब वेगळा आहे. २०२३ च्या फेब्रुवारीपासून त्यांच्यासाठी आपल्या वाट्याच्या रकमेपैकी ४५ टक्के मिळतात.

हा वाटाही पहिल्या दिवसापासून मिळत नाही. २०१८ पासून नियम असा आहे की चॅनलचे निदान एक हजार सभासद व्हावेत आणि मागील बारा महिन्यांत लोकांनी आपल्या चित्रफिती मिळून चार हजार तास पाहिलेल्या असाव्यात. लहान चित्रफिती करणाऱ्याला पर्याय आहे, परंतु तो नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिले जाण्याचा! म्हणजे पेरणीनंतर पीक हाती येईपर्यंत सहा महिने, वर्ष, दोन वर्षेही जाऊ शकतात. तेवढे दिवस घर कशावर चालणार, हा खरा प्रश्न आहे आणि तोच बहुतेक जण स्वतःला विचारत नाहीत.

हिशेबाची वही

भाच्याला समोर बसवून मी कागदावर आकडे मांडले. हजार वेळा चित्रफीत पाहिली गेली तर किती रुपये मिळतात, याचा ठराविक दर नाही. भाषा, विषय, पाहणारा कोणत्या देशात आहे आणि कोणता महिना चालू आहे, यावर तो बदलतो. म्हणून मी 'समजा' असे लिहून सुरुवात केली. समजा, हजार वेळा पाहण्यामागे आपल्या हातात तीस रुपये पडले. घरखर्चाला महिन्याकाठी कमीत कमी बारा हजार हवेत. तर महिन्यात चार लाख वेळा आपल्या चित्रफिती पाहिल्या गेल्या पाहिजेत. आठवड्याला दोन, म्हणजे महिन्याला आठ चित्रफिती केल्या, तर दर चित्रफितीला पन्नास हजार प्रेक्षक! एखाद्या महिन्यात नव्हे, दर महिन्यात.

भाचा म्हणाला, "मामा, एखादी व्हायरल झाली की होतंय की!" मी म्हटले, एखादी होईलही. पण किराणा दुकानदार उधारी 'एखाद्या' महिन्यात मागत नाही.

आपल्या पाथर्डी तालुक्याचे उदाहरण घ्या. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, तेथला गाढवांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. नवरात्रात मोहटादेवीला माणसांचा पूर लोटतो. त्या दिवसांत त्या चित्रफिती लोक पाहतात. यात्रा उठली की पाहणाराही उठतो. उरलेल्या दहा महिन्यांचे काय? जाहिरातीचे उत्पन्न हे आपल्या भागातील पावसासारखे आहे. आला तर आनंद, पण त्याच्या भरवशावर कर्जाचा हप्ता बांधून घेऊ नये.

जवळची उदाहरणे

मग यात कोणी यशस्वी झालेच नाही का? झाले आहेत, आणि आपल्याच जिल्ह्यात झाले आहेत. नगर तालुक्यातील सारोळा कासार येथील सुमनताई धामणे या सत्तरी गाठलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या आजी. नातवाच्या आग्रहाने २०२० साली त्या मोबाईलसमोर उभ्या राहिल्या आणि 'आपली आजी' हे चॅनल सुरू झाले. त्यांची कारल्याच्या भाजीची चित्रफीत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिली गेली. स्वयंपाकघर घरचेच, भाषा नगरची, हात पन्नास वर्षे भाजीला सरावलेले. त्यांना नवे काही शिकायचे होते ते कॅमेऱ्यासमोर न बिचकणे. बाकीचे भांडवल आयुष्यभर साठलेलेच होते.

दुसरे उदाहरण बारामती तालुक्यातील कांबळेश्वरचे. 'चांडाळ चौकडीच्या करामती' ही मालिका तेथील मंडळींनी गावातच, पारावर आणि शेताच्या बांधावर चित्रित केली. नितीन पवार यांच्या 'कोरी पाटी प्रॉडक्शन'ने 'गावाकडच्या गोष्टी'मध्ये तोच मार्ग धरला. गावातली घरे हाच त्यांचा सेट आणि गावातली भांडणे हीच त्यांची कथा. 'मधुराज रेसिपी'च्या मधुरा बाचल यांनी तर २००९ मध्येच सुरुवात केली होती. तेव्हा खेड्यात यूट्यूब हे नावही कोणाला ठाऊक नव्हते. आज दिसणाऱ्या यशामागे इतकी वर्षे आहेत.

पण मला सर्वांत जास्त शिकवले ते नाशिक जिल्ह्यातील मालेगावने. यंत्रमागाच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास मित्रांना जमवून 'मालेगाव के शोले' हा विनोदी चित्रपट केला. पैसा नव्हता, म्हणून सायकलीवरून कॅमेरा फिरवला आणि उंचावरून दृश्य घ्यायला बैलगाडी उभी केली. फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात त्यांची ही तऱ्हा पाहायला मिळते, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट याच मंडळींवर आला. त्या माहितीपटात सुपरमॅन झालेला शफिक शेख हा यंत्रमागावर राबणारा कामगार होता. आरंभी यांच्यापैकी कोणाचेही पोट चित्रपटावर नव्हते. पार्लर चालू होते, माग चालू होते, आणि उरलेल्या वेळात चित्रीकरण. पुढे सीडीचा जमाना आला नि गेला, आणि त्याच मालेगावातून 'छोटू दादा'च्या विनोदी चित्रफिती यूट्यूबवर अफाट चालल्या. कला टिकली, कारण सुरुवातीला तिच्यावर घर चालवण्याचे ओझे टाकले नव्हते.

भांडवल किती लागते?

यूट्यूबवरील पहिलीवहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ रोजी टाकली गेली. संस्थापकांपैकी एक जावेद करीम प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभे राहून बोलतात, एवढेच तीत आहे. लांबी १९ सेकंद! ना दिवे, ना पार्श्वसंगीत. तात्पर्य, सव्वा लाखाचा कॅमेरा ही पहिली गरज नव्हे.

पहिली गरज आहे आवाजाची. चित्र थोडे धूसर असले तरी माणूस पाहतो, पण आवाज नीट नसेल तर तो दहा सेकंदांत पुढे सरकतो. म्हणून पहिला खर्च कॉलरला लावायच्या माईकवर करावा. साधा वायरचा माईक हजार रुपयांच्या आसपास येतो. त्यानंतर मोबाईल स्थिर राहण्यासाठी तिपाई स्टँड. प्रकाशासाठी सकाळचे आणि उतरत्या दुपारचे ऊन पुरते, घरात चित्रीकरण असेल तर खिडकीकडे तोंड करून बसावे. चित्रफीत कापणे-जोडणे मोबाईलवरील मोफत अॅपवर होते, संगणक असेल तर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती मिळते. संगीतासाठी यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत मोफत वापरता येण्याजोग्या चाली आहेत.

ज्यांना रीतसर शिकायचे आहे, त्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीच वाट आहे. नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला, तेव्हा ते नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापन विषयाचे विद्यार्थी होते. २०१० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत या लघुपटासाठी त्यांना पदार्पणातील दिग्दर्शनाचा सन्मान मिळाला. मुंबई-पुण्याला गेल्यावाचून काही होत नाही, हा समज सोडून द्यावा.

विषय मात्र आपल्या अनुभवातला असावा. आपल्या तालुक्यातून दरसाल कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. फडावरचे जिणे ज्याने भोगले आहे, तोच ते खरे सांगू शकेल. परंतु लोकांची गरिबी त्यांना न विचारता दाखवून पैसा मिळवणे मला पटत नाही. बाया-माणसांची संमती घ्यावी, लहान मुलांचे चेहरे टाळावेत, आणि पैसे आले तर ज्यांचे जिणे दाखवले त्यांची आठवण ठेवावी.

बँकेच्या खिडकीतून

आता माझ्या नेहमीच्या कामाकडे येतो. कमाई सुरू झाल्यावर मुले कागदपत्रांत अडकतात, म्हणून काही गोष्टी क्रमाने सांगतो.

एक. पैसे गूगलच्या अॅडसेन्स खात्यामार्फत येतात. हे खाते उघडणारा अठरा वर्षांचा असावा लागतो. मुलगा लहान असेल तर आई-वडिलांच्या नावे उघडावे.

दोन. कमाई दहा डॉलर झाली की पत्त्याची खातरजमा करण्यासाठी गूगलकडून टपालाने एक पिन क्रमांक येतो. येथेच वाडी-वस्तीवरची मुले अडतात. पत्ता इंग्रजीत लिहिताना वस्तीचे नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड पोस्टमनला कळेल असाच लिहावा, आणि पोस्टात आधी सांगून ठेवावे.

तीन. शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत, रक्कम पुढच्या महिन्यात ओढली जाते. निघतात तेव्हा महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान पाठवले जातात. म्हणून एक तारखेच्या हप्त्याला हे पैसे आपोआप उपयोगी पडतील असे समजू नये.

चार. परदेशातून रक्कम येण्यासाठी बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. लहान शाखेला तो बहुधा स्वतंत्र नसतो, परकीय चलन हाताळणाऱ्या मोठ्या शाखेचा द्यावा लागतो. शाखेत विचारून लेखी घ्यावा. पॅनकार्डावरील, बँक खात्यावरील आणि अॅडसेन्समधील नाव एकच असावे.

पाच. २०२१ पासून अमेरिकेतील प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर तेथील कर कापला जातो. त्यासाठीचा फॉर्म भरलाच नाही, तर एकूण कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. म्हणजे हजार डॉलर कमाईतले अमेरिकेचे फक्त शंभर असले, तरी २४० डॉलर जाऊ शकतात. फॉर्म भरून भारत-अमेरिका कराराचा लाभ घेतला, तर त्या शंभरावरच १५ टक्के, म्हणजे १५ डॉलर कापले जातात. एका फॉर्मची किंमत २२५ डॉलर! आणि येथील प्राप्तिकराच्या विवरणपत्रातही हे उत्पन्न दाखवावेच लागते.

धोके

चित्रपटातील गाणे मागे लावले तर त्या चित्रफितीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकतात. आपल्याकडे जयंतीच्या मिरवणुकीची चित्रफीत टाकताना हेच होते. डीजेवर वाजणारे ध्वनिमुद्रित गाणे कोणत्या ना कोणत्या कंपनीच्या मालकीचे असते. स्वामित्वहक्काच्या तक्रारीवरून नव्वद दिवसांत तीन वेळा ठपका बसला, तर चॅनलच बंद होऊ शकते. मिरवणुकीत आपल्याच पोरांनी वाजवलेला ढोल ध्वनिमुद्रित करावा. तो आपला असतो.

चोरी हा दुसरा धोका. सारोळा कासारच्या आजींचे चॅनलही २०२० च्या ऑक्टोबरात हॅकरांनी पळवले होते आणि काही दिवसांनी परत मिळाले. परत मिळाले म्हणून बरे. पासवर्डाबरोबर मोबाईलवर येणारी दुसरी खूणही लागेल, अशी दुहेरी पडताळणी पहिल्याच दिवशी चालू करावी.

तिसरा धोका आपल्या हाती नसलेला. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अॅप बंद केली, त्यात टिकटॉक होते. खेड्यापाड्यांतील कितीतरी तरुणांचे प्रेक्षक एका रात्रीत नाहीसे झाले. दुसऱ्याच्या जागेवर टपरी टाकली, तर जागेच्या मालकाचा किंवा सरकारचा निर्णय आपल्याला लागू होतो. म्हणून सर्व चित्रफिती स्वतःजवळ साठवाव्यात.

आणि 'पंधरा दिवसांत यूट्यूबर व्हा' म्हणणाऱ्यांपासून व पैसे घेऊन सभासद वाढवून देणाऱ्यांपासून लांब राहावे. खोटे सभासद चित्रफीत पाहत नाहीत, आणि नियमभंग झाला तर चॅनल जाते ते आपले.

मग पोट कशावर भरायचे?

चित्रफिती बनवण्याचे कसब आणि यूट्यूबचे उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्पन्न बेभरवशाचे असले, तरी कसबाला गावातच गिऱ्हाईक आहे. आमच्या लहानपणी लग्नात खांद्यावर भला मोठा कॅमेरा घेतलेला आणि मागे दिवा धरणारा पोऱ्या असलेला शूटिंगवाला येई. त्याचा धंदा संपला नाही, त्याचे रूप बदलले. आज कापड दुकानदाराला, शिकवणीवाल्या सरांना, रोपवाटिकेला, ठिबक सिंचनाच्या विक्रेत्याला एक-दोन मिनिटांची चित्रफीत हवी असते आणि ती करून देणारा विश्वासू माणूस मिळत नाही. लोणची-मसाले करणाऱ्या बचत गटांना तर तिची फारच गरज आहे. असे काम घेतले की ठरलेली मजुरी ठरलेल्या दिवशी मिळते. स्वतःच्या चॅनलवर एखाद्या दुकानाची पैसे घेऊन स्तुती केली, तर ती जाहिरात आहे असे स्पष्ट सांगावे. २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेचा तसा दंडक आहे, आणि प्रामाणिकपणाचाही तोच आहे.

कर्ज काढायचेच झाले तर कामे मिळू लागल्यानंतर काढावे. मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाची बीजभांडवल योजना आहे. बँकेत येताना चार गिऱ्हाइकांच्या पावत्या आणि सहा महिन्यांचा जमाखर्च बरोबर आणावा. 'माझी चित्रफीत व्हायरल होणार आहे' या वाक्यावर कोणताही शाखाधिकारी सही करणार नाही.

शेवटी ताईच्या पावतीविषयी. आठ दिवसांनी आम्ही तिघे बसलो. भाच्याला माझे बोलणे लागले, दोन दिवस तो मामाशी बोललाही नाही. मग त्याने जुन्या मोबाईलला एक माईक आणि एक स्टँड जोडले. सकाळी तो एका दुकानात हिशेब लिहितो. दुपारनंतर लग्न, वाढदिवस, दुकानांच्या चित्रफिती करतो. रविवारी स्वतःच्या चॅनलसाठी आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडे जातो. हा लेख लिहीपर्यंत त्याचे सभासद आठशेच्या पुढे गेले आहेत, हजार झालेले नाहीत. यूट्यूबचा एक रुपयाही अजून आलेला नाही. पण दिवाळीत त्याने आईला साडी आणली, ती कसबाच्या मजुरीतून.

पावती मुदत संपल्यावर नूतनीकरणाला आली, तेव्हा मीच ती काउंटरवर घेतली. ताई म्हणाली, "भाऊ, आणखी एक वर्ष टाक." मी शिक्का मारला. आपल्या घरातील मुलांनी ही कला जरूर शिकावी आणि आईबापांनी तिला खूळ म्हणू नये, फक्त मुदत ठेव मोडण्यापूर्वी एकदा हिशेबाची वही उघडावी, इतकीच नम्र विनंती.